गाडीतलं नेट

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. बँड, अँटेना, डेसिबल हे आमच्या फळ्यावरचे शब्द नव्हेत. तरीही गेल्या वर्षभरात या शब्दांशी आमची इतकी ओळख झाली आहे की स्टाफरूममध्ये कुणाच्या फोनची रेंज गेली की लोक आमच्याकडे बघतात. ही ओळख हौसेने झालेली नाही. घरातल्या एका अडचणीने ती करून दिली. तशीच अडचण आपल्यापैकी अनेकांच्या घरी असणार, म्हणून सविस्तर लिहितो आहोत.

मुलांच्या नानींना आम्ही सगळेच अम्मी म्हणतो. त्या कोकणात राहतात, खारेपाटणच्या पुढे, खाडीकाठच्या एका वाडीत. त्या पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन कोल्हापुरात झालं, महिनाभर आमच्याकडेच होत्या, पण वॉकर धरून चार पावलं चालता येऊ लागली तशी त्यांनी परतीची घाई लावली. घर, विहीर, आंब्याची कलमं, मशिदीची अजान ऐकू येणारी ती पडवी. त्यांना इथे थांबवून ठेवण्यात अर्थ नव्हता. मग ठरलं की प्रत्येक आठवड्याला कुणीतरी त्यांच्याजवळ राहायचं. मुलांच्या दोन खाला आहेत, शेजारच्या एक बाई आहेत. महिन्यातला एक आठवडा आमच्या वाट्याला आला. आम्हा दोघांनाही शाळेतून आठवड्याची रजा कशी मिळणार? राहिली आमची मोठी मुलगी.

तिची नोकरी पुण्यातल्या एका कंपनीत, काम घरून. आमच्या खानदानात शिक्षकी आणि दुकानदारी सोडून तिसरा रस्ता धरणारी ती पहिलीच. कंपनीची अट साधी होती: काम कुठूनही करा, पण मीटिंग चालू असताना माणूस गायब होता कामा नये. आणि अम्मींच्या घरात तर साधा फोनही अंगणात जाऊन करावा लागतो. घर खोलगटीत, मागे डोंगराची कड, चिऱ्याच्या जाड भिंती. फायबरची तार अजून वाडीपर्यंत पोचलेली नाही.

आमच्याकडे एक गाडी होती. बारा सीटची जुनी टेम्पो ट्रॅव्हलर आम्ही काही वर्षांपूर्वी घेतली आणि उद्यमनगरातल्या कारागिरांकडून आतून बदलून घेतली. दोन बाकं, जी रात्री पलंग होतात, एक घडीचं टेबल, एक जादा बॅटरी, छतावर सोलरचं एक पॅनेल. बदलाची नोंद आरटीओत रीतसर करून घेतली. अमेरिकेत अशा गाड्यांतून निवृत्त जोडपी वर्षानुवर्षं फिरतात म्हणे. आपल्या राज्य सरकारनेही २०२१ साली अशा गाड्यांसाठी कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. आम्ही मात्र ती मे महिन्याच्या सुटीत मुलांना घेऊन फिरायला केली होती. तीच आता मुलीचं ऑफिस होणार होती.

गाडीत नेटसाठी एक खिशात मावणारा हॉटस्पॉट होता, २०२० मध्ये ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला. ते वर्ष आठवतं ना? सिंधुदुर्गातल्या एका मुलीने पशुवैद्यकीय शिक्षणाचे तास चुकू नयेत म्हणून डोंगरावर झोपडी बांधून घेतली होती. बातमी सगळ्यांनी वाचली होती. आमचा तो छोटा डबा तेव्हा पुरला. पण त्यात एकाच कंपनीचं सिम चालायचं, बॅटरी उन्हाने फुगली होती, आणि वाडीत त्याला सिग्नल मिळायचा तो फक्त वर सड्यावर. सडा म्हणजे कातळाचं ते उघडं पठार, घरापासून चांगलं एक किलोमीटर. मुलगी सड्यावर आणि अम्मी खाली घरात एकट्या! मग तिथे जाऊन उपयोग काय? प्रश्न नेट वेगवान करण्याचा नव्हताच. नेट सड्यावरून खाली, अम्मींच्या हाकेच्या टप्प्यात आणण्याचा होता.

राजारामपुरीतल्या एका दुकानात गेलो तर त्याने पहिल्याच वाक्यात ५जीचा राउटर पुढे केला. किंमत पाच आकडी. ५जी भारतात ऑक्टोबर २०२२ मध्ये आलं आणि शहरात ते झकास चालतं, यात शंका नाही. पण वाडीत ५जीचा टॉवरच नसेल तर तो राउटर तिथे ४जीचंच काम करणार. इथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. मोबाइलच्या लहरी वेगवेगळ्या पट्ट्यांत येतात, त्यांना बँड म्हणतात. वरच्या पट्ट्यातली लहर जास्त माल वाहते, पण लवकर दमते आणि भिंत, झाडी, डोंगर यांपुढे हात टेकते. खालच्या पट्ट्यातली लहर माल कमी वाहते, पण लांब जाते. ५जीचा मुख्य पट्टा ३५०० मेगाहर्ट्‌झच्या आसपास. उलट बीएसएनएलचं देशी बनावटीचं ४जी, ज्याचं औपचारिक उद्‌घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झालं, ते २१०० सोबत ७०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावरही चालतं. खेड्यापाड्यांसाठी हा ७०० चा पट्टा मोलाचा, आणि यंत्रांच्या कागदावर तो 'बँड २८' म्हणून लिहिलेला असतो. स्वस्तातल्या, जुन्या बऱ्याच हॉटस्पॉटना हा बँड कळतच नाही. सिम चालू, रिचार्ज भरलेला, टॉवर समोर, आणि डबा मुका. म्हणून डबा घेताना त्यावरचा वेगाचा आकडा नंतर वाचा, बँडची यादी आधी वाचा.

दुसरं कारण गाडी स्वतः. पत्र्याचा डबा तो. बाहेरची लहर आत यायला फक्त काचा. हे आम्ही अंदाजाने म्हणत नाही, मोजून म्हणतो. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगमध्ये फोनच्या माहितीत सिमची स्थिती बघितली की सिग्नलचा आकडा दिसतो, उणे चिन्हासह. उणे ८५ चांगला, उणे ११० च्या खाली गेला की रडगाणं सुरू. (आमच्या गणिताच्या सहकाऱ्यांना आम्ही सांगून टाकलं आहे की ऋण संख्यांचा लहानमोठेपणा शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही.) गाडीच्या आत बाकावर उणे ११४ आला, तोच फोन हातात धरून टपावर चढलो तर उणे १०१. फरक तेरा अंकांचा वाटतो, पण दर दहा अंकांना ताकद दहा पट होते, म्हणजे तेरा अंकांना जवळजवळ वीस पट. एवढं तर नुसत्या पत्र्यानेच खाल्लं होतं.

तेव्हा उत्तर उघड होतं: अँटेना बाहेर, डबा आत. पण या टप्प्यावर आणखी एक सल्लागार भेटले. त्यांनी 'बूस्टर' सुचवला. बॉक्स लावा, सिग्नल ओढून घेतो, अख्ख्या वाडीला रेंज. किंमतही कमी. इथे जरा थांबून सांगतो, कारण हा माल सर्रास विकला जातो. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असा बूस्टर किंवा रिपीटर बसवणं बेकायदेशीर आहे, जवळ बाळगणंसुद्धा. आणि कायदा बाजूला ठेवला तरी तो बॉक्स टॉवरच्या दिशेने जो गोंगाट करतो त्याने आसपासच्या सगळ्यांचे फोन अडखळतात. ज्या वाडीत एकच टॉवर आहे तिथे आपल्या मुलीची मीटिंग नीट चालावी म्हणून शेजाऱ्याचा ॲम्ब्युलन्सला लावलेला फोन तुटावा? हे आम्हाला मान्य नाही. राउटरला बाहेरची अँटेना जोडणं ही वेगळी गोष्ट. ती फक्त ऐकण्याचा कान मोठा करते, लहर वाढवून फेकणारं यंत्र मध्ये बसवत नाही.

शेवटी घेतला तो ४जीचाच राउटर, दोन सिमचा, बँड २८ असलेला, मागे अँटेना जोडायला दोन जागा असलेला. एक सिम सरकारी कंपनीचं, एक खासगी. एकाची लाइन गेली की दुसरं आपोआप उचलतं, मध्ये काही सेकंद जातात. टपावर दोन अँटेना, कारण ४जी एकाच वेळी दोन कानांनी ऐकतं. एकच लावली तर निम्मा फायदा वाया. वायर मुद्दाम तीनच मीटर ठेवली. लांब वायरीत सिग्नल वाटेतच जिरतो, मग टपावर चढवून काय मिळवलं? वायर आत घ्यायला पत्र्याला नवं भोक पाडलं नाही, हवेच्या झरोक्यातून घेतली. कोकणातला पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना कारण सांगायला नको.

विजेचंही थोडं बघावं लागलं. राउटर १२ व्होल्टवर चालतो, गाडीची बॅटरीही १२ ची, म्हणून थेट जोडून टाकावं असं वाटतं. पण चार्ज होताना बॅटरी १४ च्या वर जाते, म्हणून मध्ये व्होल्टेज स्थिर ठेवणारी छोटी पट्टी बसवली. राउटर दहा वॅटच्या आत खातो. शंभर अँपिअर-अवरच्या बॅटरीची अर्धी शक्ती वापरली तरी दोन दिवस सहज निघतात, शिवाय सोलर आहे. खरं तर लॅपटॉपच जास्त खातो.

आता प्रश्न गाडी उभी कुठे करायची. अंगणात करून पाहिली, घराच्या पत्र्यावर अँटेना धरूनही पाहिली. डोंगराची कड आडवी येते. मग रस्त्याने पन्नास-पन्नास पावलांवर थांबत आकडा लिहीत गेलो, धाकट्याच्या हातात वही. घरापासून शंभर पावलांवर, जिथे रस्ता वळतो, तिथे कडेच्या खांद्यावरून टॉवरची बाजू मोकळी होते. बाहेरच्या अँटेनासह आकडा उणे ९६. सड्यावर जुन्या डब्याला मिळायचा त्यापेक्षाही बरा! शेजारच्या चाचांनी कुंपणालगतची जागा गाडी लावायला दिली. बॅटरीवर चालणारी एक बिनतारी बेल आणली, जी लोक फ्लॅटच्या दाराला लावतात. बटण अम्मींच्या उशाशी, घंटा गाडीत. पहिल्या दिवशी अम्मींनी ती सात वेळा वाजवली. चार वेळा नातीने चहा घेतला का, हे विचारायला.

डेटाचा हिशेब मुलीने घातला. चित्रासह मीटिंग तासाला साधारण एक जीबी घेते, नुसता आवाज ठेवला तर त्याच्या अगदी थोड्या भागात भागतं. रोजचे दोन जीबी संपले की वेग इतका पडतो की मजकुराचा निरोपही खोळंबतो. आणि एक चोर घरातच असतो: फोन. त्याला वायफाय दिसलं की तो समजतो नेट फुकट आहे, आणि दिवसभराचे फोटो वर पाठवायला, ॲप नवी करायला बसतो. फोनमध्ये आणि लॅपटॉपमध्ये त्या वायफायला 'मीटर्ड' असं ठरवून देता येतं. तेवढं केल्यावर आमचा वापर डोळ्यांदेखत उतरला. धाकट्याचे क्रिकेटचे व्हिडिओ मात्र कोणतीही सेटिंग रोखू शकली नाही. तिथे पासवर्ड बदलावा लागला.

घाटात नेट मिळेल अशी आशा धरू नये. गगनबावडा सोडलं की करूळच्या उतारावर टॉवर बदलत राहतात, मध्ये काही वळणांवर काहीच नसतं, आणि कितीही भारी राउटर घेतला तरी डोंगर डोंगरच. म्हणून आम्ही रविवारी निघतो, मुलीची सुटी असताना. तिला आणि गाडीला वळणावर पोचवायचं, अम्मींकडे जेवायचं आणि एसटीने परत, कारण सोमवारी सकाळी शाळा. पुढच्या शनिवारी अर्धी शाळा करून एसटीने पुन्हा तिकडे. नातलगांतल्या काहींनी विचारलं, जवान मुलीला असं गाडीत बसवता? रात्री ती घरात अम्मींजवळ झोपते, दिवसा गाडीभोवती चाचांची बकऱ्यांची फौज असते. आणि तिने नोकरी सोडून नानींची सेवा करावी, हा सल्ला देणाऱ्यांपैकी कुणीही आपल्या मुलाला नोकरी सोडायला सांगितलेलं नाही.

पहिल्या आठवड्यात दोनदा लाइन तुटली, दोन्ही वेळा दुसऱ्या सिमने उचलली. त्यानंतरच्या आठवड्यांत कंपनीकडून विचारणा झाली नाही, म्हणजे ठीकच.

एक गोष्ट मात्र आमच्या यादीत नव्हती. मुलांचे मामू कुवेतला असतात. आईचा चेहरा नीट दिसेल असा व्हिडिओ कॉल त्यांना कधी मिळालाच नव्हता, दोन मिनिटांत चित्र गोठायचं आणि अम्मी म्हणायच्या, "हा बघ, परत पुतळा झाला." गाडीचं वायफाय चिऱ्याच्या भिंतीतून घरात पोचत नाही. मग शनिवारी अम्मींनाच गाडीपर्यंत आणायचं ठरलं. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंच होतं, आणि त्या रोज काही ना काही निमित्त काढून टाळत होत्या. पन्नासाव्या पावलाला आम्ही प्लास्टिकची खुर्ची ठेवली. असरनंतर वॉकर घेऊन निघाल्या, खुर्चीवर बसून पाणी प्यायल्या, उरलेली पन्नास पावलं मुलीचा हात धरून. गाडीची पायरी उंच, म्हणून मागचं दार उघडून लॅपटॉप बाहेरच्या स्टुलावर मांडला.

तिकडे तेव्हा दुपारचे अडीच. मामू जेवून बसले होते. वीस मिनिटं झाली तरी चित्र हललं नाही की गोठलं नाही. अम्मींनी आधी विचारलं ते हेच की तू इतका बारीक का झालास, आणि मग, कॅमेरा जरा फिरव, तुझं घर बघू दे. आता दर शनिवारी दुपारपासूनच त्या विचारू लागतात की गाडी वळणावर आहे ना. मागच्या खेपेला खुर्ची मध्ये ठेवलेली दिसली तेव्हा म्हणाल्या, ती आणखी पुढे सरकवा, एवढ्यात बसायची गरज नाही.