निर्गमाच्या दोन कथा

इस्राएल लोक मिसर देशांतून कसे सुटले हें ज्याला सुखानें समजून घ्यावयाचें असेल, त्यानें बायबलांतील ‘निर्गम’ हें पुस्तक घाईनें वाचावें. सावकाश वाचणाराची पंचाईत होते. बाराव्या अध्यायांत फारो राजा रात्रीं मोशेला बोलावून सर्वांना देशाबाहेर घालवितो. चौदाव्यांत ते लोक पळाल्याची वर्दी त्याच फारोला लागते आणि तो रथ जुंपून त्यांच्या मागें धांवतो. आपणच घालविलेला मनुष्य पळाला कसा? पांचव्या पीडेंत मिसरी लोकांचीं सगळीं गुरें मरतात. सातव्या पीडेंत गारा पडणार म्हणून गुरें आडोशाला आणण्याची सूचना त्यांनाच होते. बाहेर पडले ते पुरुषच ६ लाख, आणि त्यांच्या बायकांचीं बाळंतपणें करणाऱ्या सुइणी पहिल्या अध्यायांत नांवानिशीं दोन! हा हिशेब आम्हीं घरांत वाचून दाखविला, तेव्हां स्त्रीमंडळाला मोशेचा विसर पडून त्या दोघींचीच कींव आली.

भाविक टीकाकारांनीं यांतील बहुतेक गांठी सोडविल्या आहेत. मेलीं तीं रानांत चरणारीं गुरें तेवढींच, असें ते म्हणतात. उत्तर वाईट नाहीं. उलट १७५३ मध्यें आस्त्र्युक नांवाच्या फ्रेंच वैद्यानें ‘उत्पत्ती’च्या पुस्तकांत निरनिराळ्या जुन्या लेखांचे धागे दाखविले, व १८७८ मध्यें वेलहाउझेन या जर्मन पंडितानें तो विचार पुढें नेला. धागे नेमके किती, यावर विद्वानांचें अद्याप एकमत नाहीं. आम्हांला कौतुक वाटतें तें ते शिवणाराचें. समुद्र दुभंगला तो मोशेनें हात पुढें करितांच, कीं रात्रभर वाहिलेल्या पूर्वेच्या वाऱ्यानें, या प्रश्नाचीं दोन्ही उत्तरें त्यानें एकाच वचनांत नांदूं दिलीं. एक टाकून देणें त्याला काय अवघड होतें?

चंद्रपुरांत जटपुरा दरवाज्यांतून आम्ही रोज जातों-येतों. तो कोट गोंड राजांचा, हें शाळेंतील पोरही सांगेल. पण मोशे ठाऊक असलेल्या दहा सुशिक्षितांत लिंगो ठाऊक असलेला एक मिळणें कठीण. वस्तुतः गोंडांचाही एक निर्गम आहे. नागपूरचे स्कॉटिश मिशनरी हिस्लॉप यांनीं गोंडांचे भाट जे परधान त्यांच्याकडून मिळविलेलें त्याचें गीत, १८६३ मध्यें ते बुडून वारल्यावर, रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ मध्यें छापलें. त्यांत रानांत पसरलेले गोंड मिळेल तें खातात, स्नान करीत नाहींत. त्यांची दुर्गंधी महादेवाच्या पर्वतापर्यंत पोंचते. तो अंगाच्या मळाची खार करून सोडतो, तिच्या मागें धांवणारे गोंड गुहेंत शिरतात, आणि तोंडावर शिळा बसते. चौघे तेवढे बाहेर राहतात. पुढें लिंगो तप करून ती शिळा दूर करवितो. मग नदीला पूर येतो, मगर दगा देते व कांसव पार नेतें. संग्राहक मिशनरी होते म्हणून येथें बायबलाची छाया कोणी शोधील. मगर एक वेळ मिसरची म्हणतां येईल. खार आणि कांसव खास आमच्या रानाचीं.

आतां गोंदिया जिल्ह्यांत सालेकशाजवळच्या कचारगडाची कथा घ्या. माघी पौर्णिमेला तेथील गुहेशीं दूरदूरचे गोंड जमतात. त्यांच्या कथेंत कोंडलीं गेलीं तीं काली कंकालीचीं मुलें. पारी कुपार लिंगो येथें एकटा नाहीं. जंगो रायताड ही स्त्री आणि किंगरी वाजविणारा हिरासुका पाटालीर त्याच्या बरोबर आहेत. किंगरीच्या सुरांनीं मुलांच्या अंगीं बळ येतें, शिळा सरकते, आणि तिच्याखालीं वाजविणाराच चिरडला जातो. आमच्या ऐकण्यांत आलेल्या या कथनांत दुर्गंधीचें नांव नाहीं.

हा भेद सुइणींच्या हिशेबासारखा गमतीचा नव्हे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत मानेथो नांवाच्या मिसरी पुरोहितानेंही मोशेच्या लोकांची एक हकीकत लिहिली होती. पहिल्या शतकांतील यहुदी इतिहासकार जोसीफस ती सांगतो व आवेशानें खोडून काढतो. राजानें देशांतील महारोगी व अशुद्ध लोक वेंचून दगडाच्या खाणींत घातले, आणि अखेर त्यांनाच देशाबाहेर हांकललें, अशी ती हकीकत. ज्यानें कोंडलें त्याला कोंडलेला घाणेरडा दिसावा, यांत नवल नाहीं. परंतु गोंडांच्या स्वतःच्या भाटाच्या मुखांतून तीच गोष्ट यावी, हें कोडें इतकें सोपें नाहीं. शुद्धाशुद्धाचा हा राग त्या गीतांत महादेवाला आला आहे. तो शेजारच्या देवळांतून तेथें शिरला असावा, असें आम्हांस वाटतें.

आज गोंड तरुण आपली कथा स्वतः लिहूं लागले आहेत. त्यांपैकीं कोणी तें जुनें गीत गाळावें म्हणेल, तर त्याचें मन आम्ही जाणूं शकतों. स्वतःच्या पूर्वजांच्या दुर्गंधीचें वर्णन पोरांना कोण वाचून दाखवील? तरीही तें गाळूं नये, असें आमचें मत आहे. लहान टाइपांत, तळटीपेंत असलें तरी चालेल. मगर आणि कांसव त्या गीतांत आहेत, आणि किंगरीवाला दुसऱ्या कथेंत.