जहाजावरच्या जेवणाला धोतर चालंल का?



आज पिकाचं काही नाही. आठवडाभर आमच्या घरात एकाच प्रश्नावर खल चालला होता, त्याचा हिशेब मांडतोय. पोरं परदेशात आहेत, खत-बियाण्यांच्या कंपन्याही विक्रेत्यांना सहलीला नेतात. तवा हा प्रश्न आज ना उद्या तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या दारात येणार आहे.

आमची लेक आणि जावई सिंगापूरला असतात. मे महिन्याच्या शेवटी ते आम्हा तिघांना, म्हणजे मी, घरची आणि आमचे आप्पा, चार रात्रींच्या क्रूझला नेणार आहेत. त्यातली एक रात्र 'फॉर्मल नाईट'. त्या रात्री मोठ्या डायनिंग हॉलमध्ये सगळी नटूनथटून जेवायला बसतात. हाफ पँट, बनियन, रबरी चप्पल चालत नाही. ज्याला नटायचं नाही त्यानं वरच्या मजल्यावर बुफेत जेवायचं, तिथं सक्ती नसते.

आप्पा ७८ वर्षांचे. जन्मात पँट घातली नाही. त्यांनी लगेच निकाल दिला, "तुमी जावा खाली. मी वर खातो. मला पोटाशी मतलब." पण नातीनं हा सगळा खर्च कशासाठी केला? आजोबांना शेजारी बसवून जेवायचं म्हणून. तिनं एकाच टेबलावर पाच जागा सांगून ठेवल्यात. आप्पा वर एकटे आणि आम्ही खाली कोट घालून, हे माझ्या काही पचनी पडेना.

आधी इचलकरंजीत शिंप्याकडं चौकशी केली. कोट, पँट, शर्ट, टाय, कापड-शिलाईसकट १२,००० रुपये. डीएपीचं पोतं १३५० ला धरा, जवळजवळ नऊ पोती झाली. एका रात्रीसाठी नऊ पोती अंगावर चढवायची आणि परत आल्यावर कपाटात टांगायची. बरं, एवढं करून आप्पा ते घालणार नाहीत ते नाहीतच.

मग जावयांना म्हटलं, लोक काय सांगतात ते सोडा, नियम काय लिहिलाय तो शब्दाला शब्द वाचून दाखवा. औषध फवारताना आपण दुकानदाराच्या तोंडावर जात नाही, डब्यावरचं लेबल वाचतो. तसंच हे. आणि वाचल्यावर गंमत कळली. क्युनार्ड, पी अँड ओ या इंग्रजांच्या जुन्या जहाज कंपन्या कपड्याच्या बाबतीत सगळ्यात कडक. त्यांच्याही नियमात काळा डिनर कोट आणि गडद सूट यांच्या बरोबरीनं 'औपचारिक राष्ट्रीय पोशाख' चालतो असं लिहिलंय. म्हणजे स्कॉटलंडवाला त्याचा घागऱ्यासारखा किल्ट घालून येतो, तसं आपण आपलं नेसून जायचं. आमच्या जहाजाच्या नियमात हे स्पष्ट नव्हतं, म्हणून लेकीनं आप्पांचा लग्नकार्यातला फोटो जोडून मेल केला. दोन दिवसांनी उत्तर आलं, आनंदानं या, डोक्यावरच्या फेट्यासकट या.

हे काही नवीन नाही. शाहू महाराजांच्या आधीच्या पिढीतले कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० साली बोटीनं विलायतेला गेले. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला इटलीत, फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. वय अवघं वीस. तिथं आर्नो नदीच्या काठी दहन झालं आणि १८७४ मध्ये स्मारक उभं राहिलं. वरची छत्री मेजर मँट यांनी आखली, आपल्या नव्या राजवाड्याचा आराखडा करणारे तेच. त्या छत्रीखाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा आहे, विलायती टोपीचा नव्हे, पगडी घातलेला. दीडशे वर्षं झाली, तिथले लोक त्यांना त्याच वेशात ओळखतात.

उलट आपल्याच देशात कसं असतं बघा. जुलै २०१४ मध्ये चेन्नईच्या एका क्लबात उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना अडवलं, कारण काय, तर वेष्टी नेसलेली. वेष्टी म्हणजे तिकडचं धोतरच. त्याच वर्षी तमिळनाडू सरकारनं कायदा केला की, वेष्टी किंवा दुसरा भारतीय पारंपरिक पोशाख घातला म्हणून कुणाला क्लबात, सभागृहात येऊ दिलं नाही तर परवाना रद्द होईल. नियम साहेबाचा असला तरी तो आपल्यावर कडक राबवणारे बऱ्याचदा आपलेच असतात.

'फॉर्मल' हा शब्द अवघड वाटतो, पण गोष्ट आपल्या ओळखीची आहे. बेंदराला आपण बैलाची शिंगं रंगवतो, पाठीवर झूल टाकतो. तो दिवस मानाचा आहे, हे दिसलं पाहिजे म्हणून. माणसाचंही तेवढंच. कापड कुठलं हा प्रश्न नाही. धुतलेलं, इस्त्रीचं, पुरतं आणि त्या पंगतीचा मान राखणारं असलं म्हणजे झालं.

तर ठरलं ते असं.

आप्पा : इचलकरंजीचं पांढरंशुभ्र धोतर, पांढरा सदरा, वर काळा कोट आणि कोल्हापुरी फेटा. फेटा ते स्वतः बांधतात, त्यामुळं विमानतळावर तपासणीत सोडायला लावला तरी अडचण नाही. एकच पथ्य, सरकत्या जिन्यावर सोगा खोचून घ्यायचा. तो जिन्यात अडकला तर जिवावर बेतेल.

मी : लेकीच्या लग्नातला बंद गळ्याचा कोट. खर्च शून्य, फक्त दोन गुंड्या पुढं सरकवल्या.

घरची : तिनं दोन मिनिटांत निकाल लावला. इरकल. साडी जगात कुठंही फॉर्मलच. आत एसीचा गारठा असतो म्हणून शाल.

पायात : जेवायला कोल्हापुरी. हिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय आणि २०२५ मध्ये इटलीच्या प्राडानं तसलीच चप्पल मिलानच्या शोमध्ये मिरवली, तवा लाजायचं कारण नाही. नवी असंल तर महिनाभर आधी तेल लावून पायात रुळवा. पण ओल्या डेकवर चामड्याचा तळ घसरतो. तिथं आणि जहाज सुटायच्या आधी बचावाची तालीम असते तेव्हा कॅनव्हासचे बूट.

हे ऐकल्यावर आप्पा एवढंच म्हणाले, "मग धोतर नवं घ्या. जुन्याला काठाजवळ फाटलंय." म्हणजे ते येणार. आमच्या कबनुरात माग रात्रंदिवस खडखडतात, धोतराला काय तोटा?

तुमच्यापैकी कुणी असं गेलं असंल तर खाली लिहा, विशेषतः घरातल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन गेलेल्यांनी.

आणि एक. आम्ही नसताना वळीव झाला तर हुमणीचे भुंगेरे बाहेर पडतील. प्रकाश सापळा लावायचं काम भावकीतल्या पोराला सांगून ठेवलंय. तुम्हीही आत्ताच तयारी ठेवा.