फाटकाची कडी

मनुष्याच्या बुद्धीची खरी परीक्षा त्याच्या दिवाणखान्यात होत नसून फाटकापाशी होते, असे आमचे अलीकडे मत बनले आहे. घरातील चुका घरातच मुरतात. भिंत ओबडधोबड झाली तर तीवर एखादे चित्र टांगता येते, जमिनीची फरशी फुटली तर तीवर सतरंजी पसरता येते. फाटक मात्र दिवसातून वीस वेळा हलावयाचे, आणि तेही रस्त्यावरील चार लोकांदेखत! आम्ही आयुष्याची तीस वर्षे महाविद्यालयात इंग्रजी काव्य शिकविण्यात घालविली. लोखंडाच्या कडीवर कधी काळी विचार करावा लागेल, असे आमच्या स्वप्नातही आले नव्हते. तो करावा लागला, आणि ज्या कारणाने करावा लागला ते कारण हसण्यासारखे नव्हते.

आमचे घर सोलापुरात. जुने फाटक दोन पाखांचे, बिजागऱ्यांवर आत उघडणारे होते. समोरचा रस्ता काँक्रीटचा झाला आणि वीतभर उंच झाला. पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून आम्ही आतील जमीन भरून घेतली, आणि फाटकाची पाखे जमिनीस घासू लागली. तेव्हा सरकते फाटक करावयाचे ठरले. त्याची रचना मोठी सुटसुटीत असते. जमिनीवर लोखंडी अँगल उलटा, म्हणजे धार वर करून बसवावयाचा, तोच रूळ. फाटकाच्या खाली खोबणीची दोन चाके असतात, ती या धारेवर चालतात. फाटक बाजूला कलंडू नये म्हणून वर खांबाला दोन रोलर लावतात. आणि रुळाच्या दोन्ही टोकांस भक्कम स्टॉपर लागतात. कारण फाटक जोराने ढकलले आणि ते रोलरांच्या बाहेर निघून गेले, तर शंभर-सव्वाशे किलोंचे ते धूड सरळ ढकलणाराच्या अंगावर येते. अशा अपघातांत माणसे दगावली आहेत. मिस्त्रींनी हे आम्हांस सांगितले, आणि स्टॉपरांच्या बाबतीत आम्ही यत्किंचितही काटकसर केली नाही.

काटकसर केली ती कडीच्या बाबतीत. जुन्या फाटकाची आडवी कडी अंगठ्याएवढी जाड आणि अगदी सुस्थितीत होती. ती टाकून देणे आमच्या जिवावर आले. तीच नव्या फाटकास वेल्डिंग करून बसवा, असे आम्ही मिस्त्रींस फर्माविले. ते काही क्षण आमच्या तोंडाकडे पाहत राहिले. परंतु प्राध्यापकाशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे त्यांस अनुभवाने ठाऊक असावे. कडी बसली, खांबाला पाडलेल्या भोकात झोकात शिरली, आणि आम्ही निर्धास्त झालो.

आमच्या मातुश्रींचे वय त्या वेळी चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. दोन वर्षांपासून त्यांस विस्मृतीचा विकार जडला होता. काल काय झाले ते त्यांस आठवत नसे. पन्नास वर्षांपूर्वीचे मात्र कालच्यासारखे आठवे. आम्ही स्वतःस 'आम्ही' म्हणवितो ते मासिकांच्या जुन्या रूढीस अनुसरून. पण मातुश्री आम्हांस 'तुम्ही' म्हणू लागल्या, तेव्हा त्या रूढीतील गंमत आमच्यापुरती संपली. चार वाजून गेले की त्या काठी घेऊन अंगणात येत आणि आम्हांस विचारीत, "अहो, जरा फाटक उघडता का? बाळची शाळा सुटायची वेळ झाली." बाळ म्हणजे आम्हीच.

गेल्या वर्षी चैत्रात एके दिवशी त्या नाहीशा झाल्या. तो सव्वा तास कसा गेला याचे वर्णन करण्याची आमची इच्छा नाही. त्या सापडल्या आमच्या जुन्या शाळेच्या फाटकाशी. मध्ये दोन चौक आणि मालमोटारींचा एक रस्ता लागतो; तो त्यांनी कसा ओलांडला, हे त्यांस सांगता आले नाही. शाळेच्या शिपायाने त्यांस स्टुलावर बसवून पाणी दिले होते, आणि त्या सुटलेल्या शाळेतील प्रत्येक मुलाचे तोंड निरखून पाहत होत्या.

घरी आल्यावर आम्ही जे केले त्याची आम्हांस आजही लाज वाटते. घरकामास येणाऱ्या बाईंनी जाताना कडी लावली नाही, असा आम्ही त्यांच्यावर ठपका ठेवला. "देवाशप्पत लावली होती," असे त्या डोळ्यांत पाणी आणून सांगत होत्या. आम्ही मात्र आमच्या मतापासून तसूभर ढळलो नाही. दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. त्यांनी फाटक बंद केले, कडी पुरती भोकात सारली आणि आम्हांस बाजूस उभे राहावयास सांगितले. मग त्यांनी एका हाताने फाटक ओढले. कडी भोकातून सरळ बाहेर आली आणि फाटकाबरोबर चालू लागली.

"सर," ते म्हणाले, "दार जिकडे जातं तिकडंच कडी जाते. मग धरणार कोण?"

इतकी साधी गोष्ट! दोन पाखांच्या दाराला ढकलणारा जोर कडीच्या आडवा लागतो, म्हणून तेथे ती कडी पहाऱ्यावर उभी असते. सरकत्या दाराचा जोर कडीच्याच दिशेने लागतो. तेथे तीच कडी पाहुण्यास वाटेपर्यंत पोहोचवावयास जाते. आपल्या जुन्या वाड्यांतील अडसर आठवावा. भिंतीच्या जाडीतून निघणारे ते लाकूड दाराच्या पाठीशी आडवे पडते, आणि बाहेरून कितीही धक्के बसले तरी ते दोन्ही बाजूंच्या भिंतींवर जातात. पुण्याच्या शनिवारवाड्याचे काम 1732 साली पुरे झाले. त्याच्या दिल्ली दरवाजावरील अणकुचीदार खिळे पाहून आपण थक्क होतो, पण ते खिळे हत्तीस दूर ठेवण्यापुरते. दार बंद राहते ते अडसराने, आणि अडसर राखतो ते गतीस आडवे पडून. एवढे कळण्यास आम्हांस पंचावन्नावे वर्ष उजाडावे लागले. बाईंची आम्ही त्याच दिवशी क्षमा मागितली. त्यांनी ती केली; पण पुढे कित्येक दिवस त्या जाताना कोणास तरी बोलावून कडी दाखवीत आणि मगच जात. ती शिक्षा आम्हांस पुरेशी होती.

मग आकडा करण्याचे ठरले. खांबाला एका खिळीवर लोंबता लोखंडी आकडा, आणि फाटकाच्या कडेस एक आडवी सळई. आकड्याचे नाक खालून तिरपे कापलेले. त्यामुळे फाटक आले की सळई नाकाखालून घुसते, आकडा वर उचलला जातो, आणि सळई आत शिरताच तो स्वतःच्या वजनाने तिच्यामागे पडतो. लावण्याचे कोणी विसरले तरी पृथ्वी विसरत नाही, हा या रचनेचा गुण. येथे आम्ही पुन्हा आमची विद्वत्ता दाखविली. वाऱ्याने फाटक खडखडू नये म्हणून आकड्याचे तोंड सळईच्या मापाचे, अगदी नेमके असावे, असा आम्ही आग्रह धरिला. मिस्त्री म्हणाले, "थोडी ढील ठेवा, सर." आम्ही ठेविली नाही.

दोन महिने सर्व ठीक चालले. आषाढात एका सकाळी एक गाय आमच्या अंगणात उभी राहून जास्वंद खात असलेली आढळली. आकडा सळईवर होता. पण सळईच्या मागे पडलेला नव्हता, तिच्या डोक्यावर नाक टेकून बसला होता. दुरून पाहणारास तो लागलेलाच वाटावा! आम्ही कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला. एक मीटर लोखंड एका अंशाच्या उष्णतेने मिलिमीटरचा सुमारे बारा हजारांश वाढते. तेव्हा 3 मीटरांचे फाटक 40 अंशांच्या फरकाने जेमतेम दीड मिलिमीटर वाढेल किंवा आटेल. येथे तर अर्ध्या इंचाचा फरक पडला होता. लोखंड निर्दोष ठरले. दोषी होती जमीन. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आटून भेगाळते, हे शेतकऱ्याचे पोरही जाणते. तीत उथळ पुरलेला खांब पहिल्या पावसांत बाहेरच्या अंगास कलला होता. रुळाच्या टोकाचा स्टॉपर मात्र होता तेथेच राहिला. फाटक स्टॉपरला टेकून थांबे, आणि आकडा अर्धा इंच पलीकडे सरकलेला असे.

या वेळी आम्ही मिस्त्रींचे ऐकले. काळी माती खणून खाली मुरूम लागेपर्यंत खड्डा नेला आणि खांबाचा पाया तेथे टेकविला. फाटक बंद होताना ज्यावर आदळते तो स्टॉपर रुळावरून काढून आकड्याच्याच खांबावर बसविला. आता खांब कलला तर दोघेही एकत्र कलतील, त्यांच्यामधील अंतर बदलावयाचे नाही. आणि आकड्याच्या तोंडात पाऊण इंच ढील ठेविली. वारा सुटला की फाटक खडखडते. ती खडखड आता आम्हांस गोड वाटते. फाटक हलत आहे आणि तरीही धरलेले आहे, असे ती अंथरुणात पडल्यापडल्या सांगते. नेमकेपणाने केलेली कडी पहिल्या पावसात फसली, आणि हलण्यास जागा ठेविलेली कडी तीन ऋतू टिकून आहे.

आता राहिला प्रश्न कुलपाचा. कुलूप लावा म्हणजे सर्व चिंता मिटेल, असा सल्ला आम्हांस अनेकांनी दिला. तो आमच्या मनास येईना. घरात आग लागली, कोणास एकाएकी दुखू लागले, तर किल्ली शोधीत बसावयाचे काय? शिवाय ज्या माउलीने आमच्यासाठी उभा जन्म दारे उघडली, तिला आम्ही कुलपाच्या आत ठेवावे! रायगडच्या हिरकणीची आख्यायिका मराठी मनुष्यास सांगावयास नको. सूर्यास्ताला गडाचे दरवाजे मिटले. खाली तान्हे मूल होते. ती कडा उतरून गेली. दरवाजाने आपले काम चोख केले होते. तिला थोपविणे मात्र त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. आमच्याही घरी तीच हिरकणी होती. फरक इतकाच, की तिचे तान्हे मूल तिच्याच शेजारी चष्मा लावून उभे होते.

शेवटी उपाय सापडला तो आकड्याच्या स्वभावातच. आकडा उचलून सोडला, की तो पुन्हा पडतो. तो एका हाताने उचलून धरावयाचा आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने फाटक ढकलावयाचे, तरच ते सुटते. औषधाच्या काही बाटल्यांचे झाकण दाबून फिरविल्याशिवाय निघत नाही, त्यातील युक्तीही हीच. घरातील कोणासही यास किल्ली लागत नाही. रस्त्यावरच्या शेजाऱ्यासही वरून हात घालून आत येता येते. मात्र दोन हात मोकळे पाहिजेत. मातुश्रींचा एक हात काठीने अडलेला असतो.

त्या प्रथम आकड्यापाशी आल्या तेव्हा आम्ही खिडकीतून पाहत होतो. त्यांनी आकडा उचलला, सोडला. पुन्हा उचलला, सोडला. मग काठी फाटकास टेकून ठेवावी असे त्यांच्या मनात आलेले दिसले. पण काठीवाचून त्यांस उभे राहवेना. त्या तशाच थांबल्या आणि रस्त्याकडे पाहत राहिल्या. आमची रचना यशस्वी झाली होती, आणि आमच्याने ते यश फार वेळ पाहवेना.

तेव्हापासून चार वाजले की आम्ही हातातील काम ठेवून अंगणात जातो. मातुश्री विचारतात, "अहो, जरा फाटक उघडता का?" आम्ही आकडा उचलून धरितो आणि त्या एका हाताने फाटक सरकवितात, चाके चांगली तेल घातलेली असल्यामुळे तेवढा जोर त्यांस पुरतो. मग आम्ही दोघे शाळेपर्यंत चालत जातो. मुले बाहेर पडतात, मातुश्री तोंडे पाहतात. गर्दी ओसरली की त्या म्हणतात, "आज लवकर घरी गेलेला दिसतो." आम्ही म्हणतो, "होय, घरीच गेला असेल." आणि आम्ही परत फिरतो. फाटक आपल्या पाठीमागे बंद झाले की आकडा आपोआप पडतो. त्याचा तो लहानसा आवाज झाल्याशिवाय मातुश्री पुढे पाऊल टाकीत नाहीत.