मेणातला तुकडा

कर्जत तालुक्यातले माझे मामा भातशेती करतात. लावणीच्या दिवसांत रोपांची मूठ त्यांच्या उजव्या हातातून सुटू लागली. मानेचं दुखणं असेल म्हणून मालिश झालं, गोळ्या झाल्या. मग शब्द अडायला लागले. कोयत्याला ते ‘ते, कापायचं’ म्हणू लागले. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला गाठ दिसली, पनवेलला शस्त्रक्रिया झाली, आणि मामेबहिणीच्या हाती फाईलबरोबर एक छोटी प्लास्टिकची डबी आली. आत मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला गाठीचा तुकडा होता. दवाखान्याच्या भाषेत ‘ब्लॉक’.

तो परळच्या टाटा रुग्णालयात तपासायला द्यायचा होता. नेरळपर्यंत डबी तिच्या पर्समध्ये होती. बदलापूरची गर्दी चढल्यावर तिने ती मुठीत धरली. दादरला उतरून धीम्या गाडीने परळ गाठलं.

अहवाल आला: ग्लायोब्लास्टोमा, श्रेणी ४. खाली ‘आयडीएच-१ आर१३२एच: निगेटिव्ह’. मामेबहीण खोपोलीच्या एका शाळेत शिकवते. तिचा चेहरा उजळला. निगेटिव्ह म्हणजे बरंच असणार! इथे मात्र उलटं असतं. आयडीएच हे पेशीतलं एक प्रथिन. काही गाठींत त्याच्या साखळीतल्या १३२व्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन बसलेलं असतं. फक्त या बदललेल्या प्रथिनाला चिकटणारी प्रतिद्रव्यं स्लाईडवर टाकली, की त्या पेशी तपकिरी दिसतात, आणि अशा रुग्णांना सहसा जास्त आयुष्य मिळतं. हा बदल मेंदूच्या गाठींत २००८ साली सापडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या वर्गीकरणात तर ग्लायोब्लास्टोमा हे नाव आयडीएच न बदललेल्या गाठींपुरतंच ठेवलं गेलं. मामांची स्लाईड निळीच राहिली होती.

दुसरी ओळ एमजीएमटीची होती. हे प्रथिन गाठीच्या बाजूने काम करतं. टेमोझोलोमाइडच्या गोळ्या पेशीच्या डीएनएला इजा करतात आणि एमजीएमटी ती इजा दुरुस्त करतं. एका दुरुस्तीत त्याचा एक रेणू कामी येतो, म्हणजे कायमचा निकामी होतो. पेशीत ते तयारच होत नसेल, तर औषधाचं फावतं. गंमत अशी, की या प्रथिनालाच रंगवून पाहिलं तर भरवशाचं उत्तर मिळत नाही. त्याच्या जनुकाचं बटण रासायनिकदृष्ट्या बंद आहे का, ते तपासावं लागतं. मामांचं बंद होतं. दिलासा देणारी तेवढी एकच ओळ.

“म्हणजे किती?” मामेबहिणीने विचारलं. डॉक्टरांनी २००५चा अभ्यास सांगितला. नुसत्या रेडिएशनवर मध्यक आयुष्य १२.१ महिने होतं, गोळ्या जोडल्यावर १४.६. बटण बंद असलेल्यांत, रेडिएशन आणि गोळ्या दोन्ही घेतल्यावर, २१.७. मध्यक म्हणजे काय, हे ती मुलांना फळ्यावर शिकवते: निम्मे अलीकडे, निम्मे पलीकडे. “आमचे बाबा कुठल्या निम्म्यात?” यावर आकडा नव्हता. तो कुठल्याच रंगात उमटत नाही.

रेडिएशन खारघरला, टाटाच्याच ‘अॅक्ट्रेक’मध्ये झालं. आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवडे, सोबत रोज गोळी. कर्जतहून रोजची ये-जा झेपणारी नव्हती, म्हणून मामा खालापूर तालुक्यात चौकला, आत्याकडे राहिले. तिथून पनवेलमार्गे खारघर सोयीचं पडतं.

रांगेत बसून मी वाचत असे. आयआयटी मुंबईत संजीव श्रीवास्तव यांची प्रयोगशाळा मेंदूच्या गाठींमधली प्रथिनं मोजते. तिथल्या २०१२च्या एका अभ्यासात ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णांच्या रक्तात हॅप्टोग्लोबिन, ट्रान्सथायरेटिन अशा प्रथिनांचं प्रमाण निरोगी माणसांपेक्षा वेगळं आढळलं होतं. मी ते मामांना वाचून दाखवलं. एव्हाना त्यांचे बरेच शब्द परतले होते.

“मग रक्त बघूनच कळलं असतं की! डोकं कशाला फोडलं?”

प्रश्न बिनचूक होता. पण हॅप्टोग्लोबिन साध्या जंतुसंसर्गातही वाढतं, सूज आली तरी वाढतं. तेवढ्यावर कुणी गाठीचं निदान करत नाही. शिवाय गाठ काढणं हा उपचारही होताच. मामांनी ऐकून घेतलं आणि रांग किती पुढे सरकली ते बघायला मला पाठवलं.