गळ्याची गोळी

‘सध्या काही औषधे चालू आहेत?’ असे मूत्रपिंडविकारतज्ज्ञांनी विचारले, तेव्हा मी तत्काळ ‘नाही’ म्हणाले. सोबत आलेल्या सासूबाई चमकल्या. ‘अगं, आणि ती गळ्याची गोळी?’

थायरॉइडच्या अतिरेकी स्रावाचे, ग्रेव्हज् विकाराचे निदान होऊन तेव्हा अडीच वर्षे झाली होती. त्या दिवसांत फळ्यावर लिहिताना हात थरथरे, बसल्या जागी छाती धडधडे. कार्बिमॅझोलने अंगावर पुरळ उठले, म्हणून प्रोपिलथायोयुरॅसिल सुरू झाले. धडधड थांबली. पुढे ती गोळी इतकी सवयीची झाली की तिला औषध म्हणणेही मी विसरले. मग सांधे दुखू लागले, घोटे सुजले, लघवीला फेस येऊ लागला. त्याचा दोष मी उत्तरपत्रिका तपासण्याच्या बैठकीला दिला. लघवीत प्रथिने आणि तांबड्या रक्तपेशी सापडल्या, क्रिएटिनिन २.४ निघाले, तेव्हा कुठे डोळे उघडले.

एडविन ॲस्टवूड यांनी १९४३ साली थायोयुरॅसिलचा उपचार प्रसिद्ध केला, त्याच कुळातले हे औषध. ते थायरॉइडला संप्रेरक बनवू देत नाही. पण क्वचित एखाद्या शरीरात त्यामुळे स्वतःच्याच पांढऱ्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. चवताळलेल्या त्या पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती जाळतात, आणि मूत्रपिंडातल्या गाळण्या म्हणजे अशाच केशवाहिन्यांची गुंडाळी. औषध सुरू झाल्यावर काही वर्षांनीही हे घडू शकते, आणि कार्बिमॅझोलपेक्षा या गोळीने अधिक. रक्ततपासणी आणि बायॉप्सी, दोन्हींनी तेच सांगितले.

गोळी त्याच दिवशी बंद झाली. स्टेरॉइड्स घ्यावी लागली. क्रिएटिनिन उतरले, पण पूर्ववत झाले नाही, १.३ वर थांबले. सासूबाई त्या दिवशी घरीच राहिल्या असत्या तर? गोळी चालूच राहिली असती, दाहही. हा विचार अजून मध्यरात्री जागे करतो.

आयुष्यभर शब्दांच्या नेमकेपणाविषयी मी विद्यार्थ्यांना टोकत आले, आणि स्वतःच्या बाबतीत एका साध्या प्रश्नाचे उत्तर चुकले. आपण आजार लक्षात ठेवतो. जो उपचार लागू पडला, तो मात्र विसरतो.

पुढे किरणोत्सारी आयोडीनने ग्रंथी निकामी केली. आता रोज सकाळी थायरॉक्सिन. म्हणजे पुन्हा गळ्याचीच गोळी. दाताच्या दवाखान्यातही तो प्रश्न आला की मी तिचे नाव आणि मात्रा सांगते. बंद केलेल्या गोळीचेही नाव सांगते.