“हिची बहीण बघा, ती कधी तक्रार करत नाही!”

दोन मुली असलेल्या पालकांच्या तोंडून हे वाक्य मी क्लिनिकमध्ये नेहमी ऐकते. एकदा मी स्वतःही ते घरी बोलले आहे, म्हणून आजचा हा लेख.

माझ्या दोन्ही मुली बॅडमिंटन खेळायच्या. थोरली १२ वर्षांची असताना ‘आई, गुडघा दुखतो’ म्हणू लागली. मी धाकटीकडे बोट दाखवलं. दोन महिन्यांनी वाटीच्या खाली टेंगूळ दिसू लागलं, तेव्हा कुठे मी तिचा पाय नीट तपासला.

वाढीच्या वयात नडगीच्या हाडाचा वरचा भाग पूर्ण पक्का झालेला नसतो. उड्या मारताना, धावताना मांडीचा स्नायू तिथे सतत ओढ देतो आणि ती जागा सुजते. याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. खेळ कमी करणं, बर्फाचा शेक आणि योग्य व्यायाम यांनी बहुतेक मुलं बरी होतात. धाकटीची उंची तेव्हा झपाट्याने वाढू लागलीच नव्हती. तिला दुखत नव्हतं, यात तिचा पराक्रम काही नव्हता!

बहिणी-बहिणींची तुलना करताना मला व्हीनस आणि सेरेना विल्यम्स आठवतात. कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्टनची सार्वजनिक कोर्ट, आईवडीलच प्रशिक्षक, आणि पुढे एकेरीत व्हीनसची ७ व सेरेनाची २३ ग्रँड स्लॅम विजेतेपदं. महिला दुहेरीत दोघी १४ वेळा ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत उतरल्या आणि एकदाही हरल्या नाहीत. हे वाचून पालक ठरवतात, ‘लवकर सुरू करा, भरपूर खेळवा.’ पण कुटुंब १९९१ मध्ये फ्लोरिडाला गेल्यावर वडिलांनी दोघींना ज्युनिअर स्पर्धांतून काढून घेतलं होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. सराव चालू होता. स्पर्धांची धावपळ नव्हती.

आणि एकाच कोर्टवर वाढूनही दोघी सारख्या झाल्या नाहीत. सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मीच जनुकं सारखी असतात. व्हीनस ६ फूट १ इंच, सेरेना ५ फूट ९ इंच. ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत थोरली आधी पोचली, १९९७ मध्ये; पण एकेरीचं पहिलं विजेतेपद १९९९ मध्ये धाकटीने मिळवलं. आजारही वेगळे. २०११ मध्ये व्हीनसने आपल्याला श्योग्रेन सिंड्रोम असल्याचं जाहीर केलं. यात प्रतिकारशक्ती शरीराच्याच ग्रंथींवर हल्ला करते. डोळे-तोंड कोरडं पडतं, सांधे दुखतात, प्रचंड थकवा येतो. २०१७ मध्ये बाळंतपणानंतर सेरेनाच्या फुप्फुसांत रक्ताच्या गुठळ्या झाल्या. ते तिनेच आधी ओळखलं आणि तपासणीचा आग्रह धरला.

तेव्हा मूल दुखतंय म्हणालं की भावंडाकडे बघू नका, त्याच्याकडे बघा. दुखणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, सूज आली, मूल लंगडू लागलं किंवा रात्री दुखण्याने जागं झालं, तर डॉक्टरांना जरूर दाखवा.

माझ्या थोरलीचा गुडघा काही महिन्यांत बरा झाला. पण त्यानंतर वर्षभर काही दुखलं की ती बाबांना सांगायची, मला नाही.