परसातील मंडूकघोष

वैशाखात परभणी जिल्ह्याची काळी जमीन भेगाळते, तेव्हा बेडूक तिच्या उदरात निपचित असतात. मृग बरसताच आमच्या परसातील हौदावर त्यांचा रात्रभर घोष चालतो. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील १०३ व्या सूक्तात त्यांस वर्षभर मौन पाळणाऱ्या व्रतस्थ ब्राह्मणांची उपमा दिली आहे, ती यथार्थ वाटते. थोरल्या जातीचा नर पिवळाधमक होतो, गळ्याशी निळ्या पिशव्या फुगतात; मग पाण्यात अंडी दिसू लागतात.

गतवर्षी डासांच्या भयाने मी हौद उपसविला. शेकडो पिले मातीत तडफडली. नातीने दोन दिवस अबोला धरला. पिकांवरील कीड खाणाऱ्या या जीवांच्या तंगड्यांची निर्यात सरकारने १९८७ साली बंद केली. सूक्त मुखोद्गत असूनही मला मात्र त्यांचे मोल उमगले नव्हते. यंदा हौद भरलेला आहे. पिलांस पाय फुटले की नाहीत, हे नात रोज सकाळी मला येऊन सांगते.